खाली आपण, वर भाडेकरू : पहिल्या घराचा पैसा उभा कसा करायचा?

मिरजेच्या एका वाचकाने आम्हाला विचारलं, 'शाळेत नोकरी पक्की आहे. हातात पंधरा लाख आहेत. तळमजला आणि वर एक मजला असं जुनं घर चाळीस लाखांत मिळतंय. खाली आम्ही राहू, वर भाडेकरू ठेवू. भाड्यातून हप्ता निघेल ना?' असेच प्रश्न भिवंडी, सोलापूर आणि मालेगावहूनही येत असतात. प्रश्न विचारणारे बहुतेक तिशीतले. घरात दोन लहान मुलं, अब्बा-अम्मी सोबत, आणि डोक्यावर दर अकरा महिन्यांनी बदलणारा घरमालक. मुस्लिम कुटुंबाला भाड्याचं घर शोधताना काय ऐकून घ्यावं लागतं, हे इथं नव्याने सांगायला नको. त्यामुळे स्वतःचं घर ही या मंडळींसाठी हौस नाही, गरज आहे. सोबत एक मजला भाड्याने गेला तर उत्पन्नही होईल, हा विचार शहाणपणाचाच आहे. फक्त 'भाड्यातून हप्ता निघेल' हे वाक्य तपासून घ्यायला हवं.

हे वाक्य येतं कुठून? मोबाईलवर 'हाऊस हॅकिंग' नावाचे व्हिडिओ फिरतात. त्यात सांगतात की छोटी इमारत कर्जावर घ्या, एका भागात राहा, बाकीचे भाड्याने द्या आणि हप्ता भाडेकरूंकडून भरून घ्या. हे गणित अमेरिकेतलं आहे आणि तिथं त्याला सरकारी आधार आहे. तिथल्या एफएचए योजनेत चार घरांपर्यंतची इमारत घेता येते. पत चांगली असेल तर स्वतःचे फक्त साडेतीन टक्के घालावे लागतात. अट अशी की साठ दिवसांत राहायला जायचं आणि किमान वर्षभर तिथं राहायचं. बाकीच्या घरांचं भाडंही कर्जदाराच्या उत्पन्नात धरलं जातं. आपल्याकडे अशी योजना नाही. त्याहून मोठा फरक म्हणजे आपल्याकडे घराची किंमत आणि भाडं यांचं प्रमाण फार वेगळं आहे.

मिरजेचंच उदाहरण घेऊ. आकडे आम्ही हिशेबापुरते धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावाचे घाला. घर चाळीस लाखांचं. मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे परिचारिका, विद्यार्थी, तंत्रज्ञ असे भाडेकरू मिळतात. समजा, वरच्या मजल्याला महिना ७,००० रुपये आले. बँकेकडून ३० लाख घेतले, वीस वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता बसतो सुमारे २६,००० रुपये. म्हणजे भाडेकरू हप्त्याचा चौथा हिस्सा भरतो, जरा जास्तच म्हणा. तोही दर महिन्याला नाही. दोन भाडेकरूंमध्ये एखादा महिना घर रिकामं राहतं, रंग द्यावा लागतो, मोटार जळते, घरपट्टी असते. वर्षाच्या ८४,००० मधून हे सगळं वजा केलं की साधारण ६६,००० उरतात, महिन्याला ५,५००.

खालचा मजलाही भाड्याने दिला असता तर तेवढेच सात हजार आले असते, असं धरा. मग पूर्ण घराचं वर्षाचं भाडं १ लाख ६८ हजार, म्हणजे किमतीच्या ४.२ टक्के. मोठ्या शहरांत हे प्रमाण अनेकदा दोन-तीन टक्क्यांवरच अडकतं. भाडं चार टक्के आणि कर्ज साडेआठ टक्के, अशा व्यवहारात भाडेकरू तुमचं कर्ज फेडणार नाही. हप्ता पगारातूनच जायला हवा. वरचा मजला सहा महिने रिकामा राहिला तरी हप्ता देता येईल का, हा खरा प्रश्न आहे. उत्तर 'नाही' असेल तर घर लहान घ्या किंवा दोन वर्षं थांबा.

मग भाड्याचा उपयोग काय? मोठा उपयोग आहे. ते हप्त्यात न धरता मुद्दलात टाकायचं. हप्ता पगारातून भरला आणि हे ५,५०० रुपये दर महिन्याला जादा परतफेड म्हणून टाकले, तर वीस वर्षांचं कर्ज साधारण सव्वातेरा वर्षांत संपतं. नुसता हप्ता भरत राहिलात तर तीस लाखांचे साडेबासष्ट लाख द्यावे लागतात, भाडं टाकलं तर पन्नास लाखांच्या आसपास. बारा लाखांहून जास्त व्याज वाचलं आणि पावणेसात वर्षं मोकळी झाली. फिरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी परतफेडीचा दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 'दंड लागेल' असं कोणी काउंटरवर सांगितलं तर लेखी मागा.

आधी हातातले पैसे मोजा

पंधरा लाख आहेत म्हणजे पंधरा लाख घराला जातील, असं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के मिळू शकतं. ही कमाल मर्यादा झाली, बँक त्याहून कमीच देऊ शकते. शिवाय बँक करारातली किंमत आणि तिच्या मूल्यांकनकाराने काढलेली किंमत यांतली कमी असेल ती धरते. विकणारा म्हणाला की 'दहा लाख रोख द्या, कागदावर तीस दाखवू', तर कर्ज तीसवर मिळणार आणि दहा लाख तुमच्या खिशातून जाणार. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे त्याला सांगून बघा.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा कर्जात बसत नाही. महापालिका हद्दीत मुद्रांक साधारण सहा टक्के. पुणे, ठाणे, नागपूरसारख्या मेट्रो अधिभाराच्या शहरांत सात. करारातली किंमत आणि रेडी रेकनर यांत जी जास्त असेल तिच्यावर. नोंदणी फी एक टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. चाळीस लाखांच्या घराला हे दोन्ही मिळून २ लाख ७० हजार. वकील, दलाल, बँकेची फी, थोडी डागडुजी यांचे निदान दीड-दोन लाख धरा. उरलेले दहा लाख घराच्या किमतीत गेले की तुमचे पंधरा लाख संपले. त्यामुळे सहा महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम यातून आधीच बाजूला काढून ठेवा. ती मोडायची वेळ येत असेल तर घराचा भाव तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे.

खरेदीदार फक्त महिला असेल तर महाराष्ट्रात निवासी घराच्या मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. इथं चाळीस हजार वाचतात. पण चाळीस हजारांसाठी घर बायकोच्या नावावर करायचं आणि मनात मात्र ते 'माझंच' समजायचं, हे चालणार नाही. कायद्यानेही आणि शरियतनेही तिची मालमत्ता तिचीच. पैसे नवऱ्याचे असतील तर भाड्यावरचा प्राप्तिकर बहुधा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो, हेही लक्षात ठेवा. मेहर बाकी असेल आणि त्यापोटी घराचा हिस्सा तिच्या नावे करायचा असेल, तर ती वेगळी गोष्ट आणि चांगलीच गोष्ट.

स्वतःचं भांडवल वाढवायला आपल्या मोहल्ल्यात भिशी चालते. वीस जणांची, दहा-दहा हजारांची साधी भिशी असेल तर एका उचलीत दोन लाख मिळतात आणि त्यात व्याज नसतं. लिलावाच्या भिशीत मात्र गरजू माणूस घाटा सोसून आधी उचलतो आणि तो घाटा इतरांत वाटला जातो. नाव काहीही द्या, तो सूदच झाला, असं बहुतेक आलिम सांगतात.

वडिलांचं घर विकून किंवा वाटणी करून आलेला पैसाही बरेच जण पहिल्या घरात घालतात. त्यात बहिणींचा हिस्सा असतो. ईदीच्या साडीवर हक्कसोड पत्रावर सह्या घेण्याचे प्रकार आपल्याच घरांत होतात, हे लिहायला आम्हाला संकोच वाटत नाही. बहिणीने राजीखुशीने पैसे घरात ठेवायचे ठरवलं तर तिला भागीदार करा. ते कसं, हे पुढे येतं.

एका वाटेपासून मात्र लांब राहा. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी भागात 'हेवी डिपॉझिट' चालतं. भाडेकरू पाच-सात लाख अनामत देतो आणि भाडं नाममात्र किंवा शून्य ठेवतो. नवा घरमालक विचार करतो की वरच्या भाडेकरूची अनामत घेऊन सुरुवातीची रक्कम भरून टाकू. अकरा महिन्यांनी भाडेकरू निघाला की सात लाख आणायचे कुठून? मग नवा भाडेकरू शोधून त्याच्या पैशाने जुन्याला द्यायचे, आणि भाव पडला की दोघांच्या कात्रीत सापडायचं. शिवाय उसन्या रकमेच्या बदल्यात भाड्यात सूट म्हणजे कर्जावर घेतलेला फायदा, असा आक्षेप अनेक मुफ्ती घेतात.

कागद आधी, पैसा नंतर

जुनं घर स्वस्त मिळतं, त्याचं कारण अनेकदा कागदात असतं. सांगली-मिरज-कुपवाड भागात गुंठेवारीच्या वस्त्या मोठ्या आहेत. शेतजमिनीचे एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकले गेले आणि त्यावर घरं उभी राहिली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामं नियमित करण्याची सोय केली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ही सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. नियमितीकरणाचा दाखला असेल तर कर्जाचा मार्ग मोकळा होऊ शकतो. नसेल तर बहुतेक बँका फाईल हातात घेत नाहीत. विकणाऱ्याला सांगा, 'भाऊ, दाखला काढून दे, मग बयाणा देतो.' त्याचं शुल्क कोण भरणार, हे विसारपावतीत लिहा.

स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घर घेतलं, असं अजून ऐकायला मिळतं. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. दुय्यम निबंधकांकडे नोंदलेलं खरेदीखत हवं आणि त्यानंतर मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर नाव चढायला हवं. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या, बँक मागो न मागो. आपल्या जुन्या मोहल्ल्यांत जमीन वक्फची किंवा इनामी तर नाही ना, हेही पाहून घ्या. वक्फ जमिनीची विक्री कायद्याने टिकत नाही, मग त्यावर तीन मजले असोत की पाच. वरच्या मजल्याला मंजुरी आहे का? आपली कमाई त्या मजल्यावर, आणि बेकायदा बहुधा तोच असतो. नकाशात एकच मजला असेल तर मूल्यांकनकार वरचा मजला शून्य धरू शकतो.

बँकेचा दरवाजा आणि सुदाचा प्रश्न

आम्ही फतवा देत नाही. तो आमचा अधिकार नाही. पण वाचक प्रामाणिकपणे विचारतात, म्हणून जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो.

व्याजाचं गृहकर्ज म्हणजे सूद, अशी बहुसंख्य उलमांची भूमिका आहे. १९९९ मध्ये युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्च या मंडळाने पाश्चात्य देशांत राहणाऱ्या मुस्लिमांना, दुसरा मार्ग नसेल तर, राहत्या घरासाठी असं कर्ज घेण्याची मुभा दिली. त्यावर अनेक आलिमांनी तेव्हाही आक्षेप घेतला होता. आपल्याकडे लोक हा दाखला देतात, पण त्यातला महत्त्वाचा शब्द गाळतात. ती मुभा राहत्या घराची होती, गुंतवणुकीची नव्हती. आणि आपलं घर नेमकं त्या रेषेवर उभं आहे. खालचा मजला गरज आहे, वरचा मजला कमाई. मुफ्तींना विचारायला जाल तेव्हा 'घर घेतोय' एवढंच सांगू नका. वर भाडेकरू ठेवणार आहे हेही सांगा, नाहीतर उत्तर अर्ध्या प्रश्नाचं मिळेल.

भारतात इस्लामी बँक का नाही, हा पुढचा प्रश्न. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरल्याचं सांगितलं. अडचण कायद्यातही आहे. बँकिंग नियमन कायदा बँकांना मालाचा व्यापार करू देत नाही, आणि इस्लामी पद्धतीत बँक स्वतः घर विकत घेऊन पुढे विकते किंवा भाड्याने देते. शिवाय घर दोनदा हस्तांतरित झालं की मुद्रांक दोनदा. ब्रिटनमध्येही हीच अडचण होती. तिथं २००३ च्या वित्त कायद्याने दुहेरी मुद्रांकातून सूट दिली आणि मग तिथं अशी घरं घेणं परवडू लागलं.

इथल्या काही बिनव्याजी पतसंस्था चांगलं काम करतात, पण त्यांची कर्जं छोटी असतात. मुद्रांकाचे अडीच लाख त्यांच्याकडून उभे राहू शकतात, घर नाही. आणि 'हलाल गुंतवणूक, महिन्याला तीन टक्के' असं सांगणारा कोणी भेटला तर २०१९ मधलं बंगळुरूचं आय मॉनेटरी ॲडव्हायझरी प्रकरण आठवा. हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्याची कमाई त्यात अडकली. घरासाठी साठवलेला पैसा 'दोन वर्षांत दुप्पट करून मग घर घेऊ' म्हणून अशा ठिकाणी ठेवणारे सगळ्यात जास्त फसतात.

सगळा विचार करून, मुफ्तींशी बोलून जो बँकेकडे जायचं ठरवेल, त्याला दोन गोष्टी. पगारदाराचं काम तुलनेने सोपं. वेल्डिंगचं दुकान, मटणाचं दुकान, दोन टेम्पो असा रोखीचा धंदा असेल तर दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं लागतात, म्हणून ती आजपासून भरायला लागा. कधीच कर्ज घेतलेलं नसेल तर पतगुणांक नसतो. त्यात वाईट काही नाही, पण चौकशी जास्त होते. आणि वस्तीचं नाव ऐकूनच फाईल परत आली, असंही काही वाचक कळवतात. अशा वेळी नकाराचं कारण लेखी मागा आणि दुसऱ्या बँकेत जा. एका नकारावर सावकार गाठू नका.

कराचं थोडक्यात. वरच्या मजल्याचं भाडं उत्पन्नात धरलं जातं. त्यातून भरलेली घरपट्टी आणि उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. कर्जाचं व्याज क्षेत्रफळाच्या प्रमाणात विभागतात. नव्या करप्रणालीत राहत्या मजल्याच्या व्याजाची वजावट नाही, भाड्याच्या मजल्याची आहे, पण त्यातला तोटा पगारातून वजा करता येत नाही. काही महापालिका भाड्याच्या भागाला घरपट्टी जास्त लावतात. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला मिळत नाही.

भाडेकरूशी करार 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवावा लागतो आणि जबाबदारी मालकाची असते. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. वीजमीटर वेगळा घ्या, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

भावासोबत भागीदारी

आता ती वाट, जी आम्हाला सगळ्यात जास्त पटते आणि जिची कुणी जाहिरात करत नाही. भाईजान सौदीत आहेत, मामूंनी जमीन विकली आहे, बहिणीकडे वाटणीचे पैसे आहेत. त्यांच्याकडून उसने न घेता त्यांना घरात भागीदार करायचं आणि हळूहळू त्यांचा हिस्सा विकत घ्यायचा. फिकहच्या भाषेत याला घटती मुशारका म्हणतात. अमेरिका-ब्रिटनमधल्या इस्लामी वित्तसंस्था हेच मोठ्या प्रमाणावर करतात.

तेच चाळीस लाखांचं घर घ्या. तुमचे १२ लाख, भावाचे २८. म्हणजे तुमचा हिस्सा ३० टक्के, त्यांचा ७०. मुद्रांक त्याच प्रमाणात वाटून. पूर्ण घराचं बाजारभावाने भाडं १४,०००, त्यात भावाचा वाटा ९,८००. वरच्या भाडेकरूचे ७,००० सरळ त्यांच्याकडे जातील. तुम्ही खाली राहता त्यापोटी २,८०० तुम्ही द्यायचे. याशिवाय महिन्याला २०,००० त्यांचा हिस्सा घेण्यासाठी साठवायचे. मूळ किमतीनेच हिस्सा घ्यायचं ठरलं तर पावणेबारा वर्षांत घर पूर्ण तुमचं. जसजसा हिस्सा कमी होईल तसतसं त्यांचं भाडंही कमी होईल. बँकेच्या २६,००० च्या हप्त्याऐवजी तुम्ही पहिल्या महिन्यात २२,८०० बाजूला काढता, आणि सूद कुठेच नाही.

मग अडचण कुठे? भावाला २८ लाखांवर वर्षाला ४.२ टक्केच मिळतात, मुदत ठेवीपेक्षा कमी. त्यांनी हे समजून-उमजून 'हो' म्हणायला हवं. आणि बारा वर्षांत घराचा भाव दुप्पट झाला तर उरलेला हिस्सा कोणत्या भावाने? भाऊ इथंच भांडतात. मूळ किमतीने, की त्या दिवशीच्या बाजारभावाने, की ठरावीक वाढीने? यातलं शरियतला काय चालतं ते मुफ्तींना विचारा, पण पहिल्या दिवशी ठरवा आणि लिहा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. 'भावाभावात कागद कशाला' म्हणणाऱ्या बुजुर्गांना ही आयत अदबीने दाखवता येईल.

भाडेकरू निघून गेला तर नुकसान दोघांचं. छत गळलं तर खर्च सत्तर-तीस. भागीदारी आणि कर्ज यांत फरक तो हाच. नुकसान फक्त तुम्हीच सोसणार आणि भावाला ठरलेली रक्कम मिळतच राहणार असेल, तर नाव मुशारका असलं तरी आतून ते कर्जच.

कागदपत्रांचं सांगतो. दोघांची नावं हिश्शाच्या टक्केवारीसह खरेदीखतात हवीत. पैसे बँकेतूनच यावेत. भाऊ परदेशात असतील तर त्यांच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूला उगमस्थानी कर कापावा लागतो, हे भाडेकरूला आधीच सांगा. हिस्सा दर महिन्याला नावावर होत नाही. प्रत्येक हस्तांतराला मुद्रांक लागतो आणि भावाला भांडवली नफ्याचा करही लागू शकतो. म्हणून दोन-तीन टप्प्यांत करा. मधल्या काळात साठलेले पैसे कोणाच्या खात्यात राहतील, तेही करारात घाला.

असा भाऊ प्रत्येकाला नसतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण एकानेच २८ लाख घालायला हवेत असंही नाही. मामू दहा, बहीण आठ, भाऊ दहा, असंही जमतं. काहींनी थोडं नातलगांकडून आणि उरलेलं लहान मुदतीच्या बँककर्जातून केलं आहे. त्यात बँकेला सगळ्या सहमालकांच्या सह्या लागतात, म्हणून आधी बँकेशी बोलून घ्या.

आणि जे कलम सगळे टाळतात ते सगळ्यात आधी लिहा. मधेच भागीदाराचा इंतकाल झाला तर त्याचा हिस्सा त्याच्या वारसांचा. बायकोचा, आईचा, मुलींचा, मुलांचा. तुम्ही भावाशी ठरवलेला भाव त्यांना माहीतच नसेल तर वाद होणार. म्हणून करारावर साक्षीदार म्हणून भाभींची सही घ्या आणि एक प्रत त्यांच्या कपाटात राहू द्या.